सहा फुटी किल्ली

२ मे, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांचे कागद पुढे लोक शोधत फिरतात. तेव्हा धावपळ नको.

काल रोह्याहून वृंदा टीचर आल्या होत्या. शाळा सांभाळून बेघरांसाठी संस्था चालवतात. कुंडलिका नदीच्या पुलाखाली नि स्टेशनाबाहेर झोपणाऱ्यांना पावसाच्या आत छप्पर मिळवून द्यायचंय, तुम्ही अभियानाचा चेहरा व्हाल का, म्हणाल्या. चेहरा. हाच शब्द. मला सगळे ओळखतात म्हणे. ओळखणारच. एकशे त्रेचाळीस भाग मी टीव्हीवर हैबतराव होतो. विधवेला ट्रंकेसकट घराबाहेर काढणारा. पेणच्या बाजारात बायका अजून शिव्या देतात. नटाला आणखी काय पावती हवी.

मालतीला सांगितलं. म्हणाली, छान, पण चेहऱ्याने करायचं काय असतं? तीस वर्षं संसार करून हा प्रश्न.

४ मे
बेघरांशी समरस होण्यासाठी दाढी वाढवतोय. जुना कुर्ता खांद्यावर फाडला. संध्याकाळी मालतीने शिवून ठेवला. पुन्हा फाडला.

७ मे
रोह्याला पाहणी. जाताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. पुलाखाली दाजी नावाचा म्हातारा भेटला. मला बघून पथारी गोळा करायला लागला. म्हणाला, हैबतराव, आता हितनं पन काढतंस काय? मी हसून फोटो काढून घेतला. तो हसला नाही. रोहेकरांना विनोदबुद्धी कमी.

मग नदीपलीकडे अष्टमी गावातलं आमचं घर बघायला गेलो. (सासऱ्यांचं.) पाच वर्षं बंद. बघतो तर पडवीत स्टोव्ह, दोन पातेली, गोधडी आणि एक बाई. नाव गिरजाबाई. रोह्याच्या बाजारात वाल विकते. तिचं घर तीन वर्षांपूर्वी पुरात गेलं. म्हणाली, मालतीबायनी ठेवलंय मला, सांजचा दिवा लावते, बंद घर अंधारात ठेवू नाय. घराची किल्ली तिच्या कमरेला.

घरी येऊन मालतीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, तीन वर्षांत चार वेळा सांगितलं, तुम्ही प्रत्येक वेळी स्वतःचा एपिसोड बघत होता.

१० मे
ठरलं. अष्टमीचं घर म्हणजे अभियानाचं मुख्यालय. पडवीत बॅनर, खुर्ची, मागे माझा फोटो. त्यासाठी गिरजाबाईला तात्पुरतं हलवावं लागलं. मी नीट समजावलं, बाई, हे बेघरांचं काम आहे, बेघरांनीच थोडी कळ सोसली पाहिजे. ती म्हणाली, साहेब, कालपरेंत मी बेघर नव्हते. या लोकांना मोठं चित्र दिसत नाही.

ट्रंक तिची तिने उचलली. मी हातही लावला नाही. मालिकेत मी ती अंगणात भिरकावली होती, हा फरक लोकांनी लक्षात घ्यावा. समोरच्या घरातून कोणीतरी मोबाइल धरला होता. धरू दे. प्रसिद्धी ती प्रसिद्धी.

किल्ली मात्र दिली नाही. मालतीबायनं दिली, तिलाच परत देईन, म्हणाली. हट्टी बाई. मुख्यालय सध्या पडवीपुरतं.

१३ मे
मोठी कल्पना सुचली, आंघोळ करताना. सत्तावीस तारखेला रोह्यात अभियानाचा मेळावा आहे, त्यात बेघरांच्या हाती सहा फुटी किल्ली द्यायची. आणि पेणमध्ये राहून ती थर्माकोलची करायची म्हणजे लाज. मूर्तिकार नाथाच्या कारखान्यात गेलो. चारी बाजूंना बिनरंगाचे गणपती, मधे नाथा मातीने बरबटलेला. म्हणाला, सीझन तोंडावर आलाय, किल्ल्या करत बसायला मला येड लागलंय काय. मी हैबतरावाचा आवाज काढला. कामगार हसले, नाथा कंटाळून हो म्हणाला. तो प्लास्टरची करू म्हणत होता. मी म्हटलं, शाडूच हवी, मी चेहरा आहे, नदीचा विचार मला करावा लागतो. तो म्हणाला, सहा फूट शाडू आडवी उचलली की मधेच जाते. गणपतीला मागून टेकू देतो आम्ही, किल्लीला कुठं देऊ? आणि पुरी सुकल्याशिवाय हलवायची नाय.

कारागीर मंडळी नेहमी घाबरवतात. त्याशिवाय त्यांना कोण विचारणार.

१८ मे
व्हिडिओ गाजतोय. गिरजाबाई ट्रंक घेऊन पायऱ्या उतरतेय, मी वर उभा. शेजारी मालिकेतला तोच सीन. खाली लिहिलंय, 'तोच माणूस, तीच ट्रंक.' माझ्या अभिनयातलं सातत्य कोणाला तरी दिसलं. बाकीच्या कॉमेंट वाचायला वेळ नाही. रात्री अकरापर्यंत वाचल्या. सगळे नालायक.

वृंदा टीचरचा फोन आला. आवाज कोरडा. विचारत होत्या, गिरजाबाई आता कुठे आहेत? म्हटलं, चौकशी करतो.

१९ मे
चौकशी मालतीनेच केली. रोह्याला एकटी गेली, संध्याकाळी आली. गिरजाबाई पुलाखाली आहे, दाजीच्या शेजारी. वालाचं पोतं उशाला घेते, चोरीला जाईल म्हणून. हे सांगून मालती आत गेली. चहा मिळाला नाही.

२१ मे
चहा नाही.

२४ मे
मालती म्हणाली, पाऊस दहा दिवसांवर आलाय, पडवी तिला परत द्या. म्हटलं, मेळावा होऊन जाऊ दे. ती म्हणाली, ते घर बाबांनी माझ्या नावावर केलंय, आठवतंय ना? ही तांत्रिक बाब आहे. नवरा-बायकोत तुझं-माझं करणं मला मुळीच आवडत नाही. माझं घर मी कशाला वापरतो हे मीच ठरवणार.

२६ मे
किल्ली आणायला गेलो. नाथा म्हणाला, वरनं सुकलीय, आत ओली हाय, आठ दिवस थांबा. म्हटलं, मेळावा थांबत नसतो. मग तुमचं तुम्ही बघा, म्हणून पाठ फिरवली त्याने. टेम्पोत गादीवर आडवी ठेवली. वडखळच्या खड्ड्यात एक आवाज आला, तो मी ऐकला नाही असं ठरवलं.

रोह्यात उघडून पाहिली. बरोबर मधे. पण विचार केला तर तुटलेली किल्ली जास्त बोलकी आहे. भाषणात तसं वाक्य घातलंय.

२७ मे, दुपारी ४
मेळावा झाला. जसं घडलं तसं लिहितो.

चाळीस मिनिटं बोललो. फाटका कुर्ता, दाढी, सगळं जमून आलं होतं. मग दोन्ही हातांत दोन अर्धे घेऊन पुढे आलो. वृंदा टीचरनी माइक घेऊन विचारलं, त्र्यंबकराव, ही किल्ली कोणत्या घराची? सगळ्यांसमोर. म्हटलं, प्रतीकात्मक आहे. पुढच्या रांगेतून गिरजाबाई उठली. म्हणाली, साहेब, तिच्याखाली पावसात निजता येईल काय?

आधी दाजी हसला. मग अख्खं सभागृह. एकशे त्रेचाळीस भागांत माझ्यावर कोणी हसलं नव्हतं.

तेवढ्यात मालती मागच्या रांगेतून वर आली. मला वाटलं, सावरायला. तिने माइक घेतला. म्हणाली, अष्टमीचं घर माझं आहे, चार खोल्या आहेत. आजपासून ते संस्थेकडे. गिरजाबाई, कमरेची किल्ली तिथंच राहू द्या, या वेळी पडवी नको, आतल्या खोलीत या. दाजी, तुम्हीपण चला. टाळ्या. माझ्या भाषणाला एवढ्या नव्हत्या.

मालती मला ओलांडून टीचरकडे गेली. टीचरना म्हणाली, घर लावून द्यायला मीपण तिथंच राहते. किती दिवस ते बोलली नाही. मी स्टेजच्या पायरीवर बसून राहिलो. वार्ताहराने फोटो काढला. नाव विचारलं नाही. ओळखलं असणार.

२८ मे, संध्याकाळी ७.२०
पेण. सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर मालती, गिरजाबाई आणि खरी किल्ली. आतल्या पानावर मी. पायरीवर, दाढी, फाटका खांदा, मांडीवर मातीचं ढेकूळ. खाली छापलंय, 'निवारा मिळालेल्या बेघरांपैकी एक.'

दुपारी कोपऱ्यावरच्या सगुणाबाई डबा देऊन गेल्या. पिठलं-भात. म्हणाल्या, पेपरात वाचलं, वाईट वाटलं. समजावलं नाही. भूक लागली होती.

आत्ता मालतीचा मेसेज. वाटलं, येते म्हणेल. लिहिलंय, दिवेलागण झाली, तिथलं घर अंधारात ठेवू नका.

सगळी कपाटं उघडून पाहिली. या घरात काडेपेटी कुठे असते, मला माहीत नाही.