होकायंत्राखालचं फडकं

रविवार, १४ मार्च

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. तुम्ही तिघंही मजेत असाल. आई होती तोवर तुझी खबर तिच्याकडून कळायची, आता मीच लिहिलं पाहिजे हे कळायलाही मला दोन वर्षं लागली.

बातमी अशी, की आपल्या टिटवीचं इंजिन अखेर उतरवलं. चार खुर्च्यांचं एवढंसं विमान, पण तिचं नाक रिकामं बघवेना. दोन हजार तास भरले होते. आता चारही सिलिंडर नवे घालून इंजिन परत बसेल. त्यातच बाबांनी मनावर घेतलंय, की वैमानिकासमोरची जुनी गोल घड्याळं काढून तिथे मोठे आकडे दाखवणारा पडदा बसवायचा. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला आता उडवायची परवानगी नाही, मग हा थाट कुणासाठी?" तर म्हणाले, "तुझ्यासाठी. चाळिशी लागली तरी चष्मा लावत नाहीस."

दवाखाना बंद केल्यापासून ते रोज हँगरमध्ये येऊन बसतात. दात कोरायची ती बारीक हत्यारं अजून जपून ठेवली आहेत, त्यांनीच स्पार्क प्लगमधली काजळी काढत असतात. आपण लहान असताना ते प्लग उजेडात धरून "कीड लागली आहे" म्हणायचे आणि आपण दोघं खाली लोळत हसायचो, आठवतं? तुझं काम टिटवीचं पोट पुसायचं. पाठीवर झोपून, अंगभर तेल माखून तू ओरडायचास, "हिला लंगोट बांधा रे कुणीतरी!" ती अजून तश्शीच गळते. आता खालची फरशी मीच पुसते.

घड्याळं काढली तेव्हा त्यांच्या मागे तुझ्या हातची चिकटपट्टी निघाली. प्रत्येक तारेवर तू बारीक अक्षरात लिहून ठेवलंयस, कुठली कशाची. नव्या तारा ओढायला आलेला रेडिओवाला खूश झाला. म्हणाला, "हे कुणी केलं? माणूस नीटनेटका दिसतो." मी म्हटलं, माझा भाऊ. तो म्हणाला, "मग तो कुठे असतो?" मी सांगितलं, लांब पल्ल्याची बस चालवतो. मग मी पाणी प्यायला गेले.

रेडिओवाल्याचं काम चोख आहे. फक्त एक गोष्ट तो सारखी विचारतोय. एवढ्या नव्या तारा, नवं इंजिन, म्हणजे होकायंत्र पुन्हा जुळवावं लागणार, ते कधी करायचं? मी आज उद्या करत त्याला टाळतेय. काल बाबाच म्हणाले, "एवढं काय त्यात? तासाभराचं काम."

तासाभराचंच काम. आपण दोघं किती वेळा केलं ते! काँक्रीटवर रंगवलेल्या दिशांच्या रेघा, तू शेपूट ढकलत टिटवीला एकेका रेघेवर आणायचास, मी आत बसून आकडा ओरडायचे आणि पितळी पेचकसाने तो बारीक स्क्रू फिरवून सुई जागेवर आणायचे. लोखंडाचं काही जवळ नको, म्हणून तू मला केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावायचास.

धाकट्या, हे पत्र मी त्या होकायंत्रासाठीच लिहायला घेतलं आणि इंजिनाच्या गप्पा मारत बसले. आता लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी, तू उडालास त्याच्या आदल्या दिवशी आपण होकायंत्र जुळवलं. त्या सकाळी माझ्या हातून एक नट पॅनेलमागे पडला होता. तो मी चुंबकाच्या कांडीने वर काढला. कांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळली आणि ते फडकं काचेजवळच्या फळीवर ठेवलं. होकायंत्राच्या अगदी खाली. पिना काढल्या, आणि चुंबक तिथेच राहिलं.

सुई खूप हटली होती. मी हसून म्हटलं, "आज हिच्या अंगात आलंय." आणि स्क्रू फिरवत फिरवत ती जागेवर आणली. तू बाहेरून शाबासकी दिलीस. संध्याकाळी मी फडकं उचललं आणि घरी गेले. म्हणजे सुई मी चुंबकाच्या ओढीला धरून जुळवली होती, ते चुंबक गेलं आणि होकायंत्र बिघडलं, आणि त्याच्यावर मी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी धुरकट हवेत तू त्याच्या भरवशावर गेलास.

पुढचं तुला माहीत आहे. भलत्याच दिशेला गेलास, इंधन संपलं, शेतात उतरलास, पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला. तुझ्या अंगावर ओरखडाही नव्हता, त्याबद्दल मी अजून रोज हात जोडते. तू परत आलास तेव्हा एकच सांगत होतास, "मी आकडा बघूनच उडवत होतो." आणि बाबा म्हणाले, "ज्याला होकायंत्र वाचता येत नाही त्याने माझ्या विमानात बसू नये." पुढच्याच महिन्यात तुला मोठ्या प्रवासी विमानांच्या वैमानिकाच्या शिक्षणाला जायचं होतं. तू गेला नाहीस.

मला चौथ्या दिवशी कळलं. टिटवी ट्रकवरून आली, मी अवजारं लावत होते, कांडीची जागा रिकामी. ती माझ्या कामाच्या कपड्यांच्या खिशात निघाली, फडक्यासकट. मी टिटवीत चढले, फडकं फळीवर ठेवलं, सुई बरोबर. उचललं, पंचवीस अंश चूक. तीनदा केलं. बाबा बाहेर ट्रकवाल्याशी बोलत होते. मी खाली उतरले आणि ट्रकवाल्याला चहा विचारला.

माझा विमानदुरुस्तीचा परवाना तेव्हा तीन महिन्यांचा होता. बाबांनी हौसेने हँगरच्या दारावर माझ्या नावाची पाटी लावली होती. वाटलं, उद्या सांगू. वाटलं, तुझा राग दोन दिवसांत उतरेल आणि तू परत येशील. मग नवा पंखा बसला, होकायंत्र बाबांबरोबर पुन्हा जुळवलं, सुई आपटल्यामुळे हटली असं ते समजले, आणि चूक पुसली गेली. त्यानंतर सांगायची हिंमतच झाली नाही. लाज वाटते रे. आई तुझी बाजू घेऊन बाबांशी भांडायची तेव्हाही मी ताटात बघून जेवत होते.

मंगळवार

पत्र दोन दिवस तसंच पडून होतं. आज बाबांना सांगितलं. ते प्लग कोरत होते.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"चौथ्या दिवसापासून."

ते कोरतच राहिले. प्लग कधीचा स्वच्छ झाला होता. मग म्हणाले, "दात दुखतोय म्हणत आलेल्या प्रत्येकाला मी आधी तोंड उघडायला लावायचो. हा माझा पोरगा सांगत होता आणि मी बघायलासुद्धा गेलो नाही."

मला रडू आवरेना. त्यावर ओरडले, "त्याला कळवलंस का?"

"पत्र लिहिलंय."

"मग माझ्यासमोर काय रडतेस? पत्र टाक आधी!"

दुपारी लॉगबुकात त्या तारखेची नोंद लिहिली, काय झालं आणि कुणाकडून झालं. खाली सही केली. परवाना देणाऱ्या वरच्या कार्यालयालाही कळवलं आहे. परवाना काही काळ जाईल, कदाचित कायमचाच. टिटवीचं उरलेलं काम रेडिओवाला आणि त्याचा मित्र पुरं करतील. नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. ती तुझ्या लेकीला दाखव. तिला काय सांगून ठेवलंयस मला माहीत नाही, पण तिच्या बापाचा रस्ता चुकला नव्हता हे तिने वाचावं.

बाबा तुला फोन करायचा म्हणून तीनदा उठले आणि तीनदा बसले. त्यांना तुझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही. तू उचलला नाहीस तरी मी तुला बोल लावणार नाही. ये असंही म्हणत नाही, तो हक्क मी अकरा वर्षांपूर्वीच घालवला.

माफी मागते, धाकट्या. त्या दिवशी तू आकडा बरोबर वाचलास. तो चुकीचा मी करून ठेवला होता.

तुझी,
ताई