बंदराजवळचं घर

११ मार्च (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही)

बोडिलताई,

येप्पे आल्बोर्गलाच आहे. आज सकाळी पोलिसांकडच्या लोनेबाईंनी फोनवर पक्कं सांगितलं: तिथे त्याला नोकरी लागली, काल तो कामावर हजर होता. आमच्याजवळ फिरकायची त्याला कोर्टाची मनाई आहेच. तू कशी आहेस? प्रेबेनभावोजींची पाठ? विगोला खालचे दोन्ही दात आले.

परवा मी वेड्यासारखी वागले. इथे सगळ्यांची बाळं दुपारी बाहेर बाबागाडीत झोपतात; माझाच धीर होत नव्हता. परवा ठेवली एकदाची गाडी अंगणात, खिडकीखाली. कॉफी ओतून पाहते, तर गाडीचं तोंड भिंतीकडे फिरलेलं.

वस्तू हलवायच्या आणि मग म्हणायचं, 'तूच ठेवलीस, डोकं तपासून घे,' ही आमच्या संसारात येप्पेची रीत. किल्ल्या, चष्मा, एकदा तर माझं औषध. शेवटी मी काही हरवायच्या आधीच माफी मागायला लागले होते.

अंगणात खालच्या मजल्यावरच्या इंगरआजी होत्या. मी किंचाळले, "कुणी पाठवलं तुम्हाला? काय देतो तो?"

"अगं बये, वाऱ्याने पाठवलं! वारं फिरलं, पोराच्या तोंडावर यायला लागलं, म्हणून फिरवली गाडी. आपल्याकडे कुणाचीही गाडी कुणीही फिरवतं. त्याचे पैसे मिळत असते तर माझा बंगला झाला असता."

हसायला हवं होतं. मी विगोला उचलून वर पळाले आणि दाराला कपाट सरकवलं.

हे सांगितलं तर लोनेबाई म्हणाल्या, "बऱ्याच जणींचं असं होतं. तुमचं डोकं ठिकाणावर आहे."

मी विचारलं, "कशावरून?"

आता जे टाळत होते ते. रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बंदराजवळच्या घरात ओल असेल ना गं?" ताई, तुझ्याकडे फक्त माझ्या पोस्टातल्या टपालपेटीचा क्रमांक आहे, पत्ता नाही. बंदराचं मी कधी बोलले नाही. की बोलले? तेव्हापासून आठवून पाहतेय. भावोजी अजून येप्पेबरोबर मासे पकडायला जातात का? आणि तू घरी त्यांच्याशी माझ्याबद्दल काय काय बोलतेस? तुझा फोन उचलला की हल्ली मी आधी तुझ्यामागचे आवाज ऐकते.

शनिवारी आपण ओडेन्स स्टेशनच्या कॅफेत भेटतोय. एकटी ये. विगोला आणणार नाही; तो इंगरआजींकडे राहील. त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, "माफी राहू दे, पोर दे." लोनेबाई शेजारच्या टेबलावर असतील, दचकू नकोस.

बसायच्या आधी सांग, बंदराचं कुणाकडून कळलं. येप्पेला माहीत असेल तर सोमवारी आम्ही इथून हलू, आणि टपालपेटीही बंद होईल. तू खोटं बोललीस तर मला ओळखता येणार नाही, तेवढं त्याने करून ठेवलंय. म्हणून खरंच सांग.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
सिग्ने