दादाला क्षमा करण्याची तयारी

४ जानेवारी
आजपासून सद्गुणांची शिस्तशीर मशागत. क्रम: सहनशीलता, नम्रता, शेवटी क्षमा. क्षमा दादाला करायची आहे, म्हणून ती शेवटी. बाबांना मूठमाती देताना मी मनापासून प्रार्थना करत होतो, तर याने मध्येच मोठ्याने 'आमेन' म्हणून ती तोडली. मागोमाग सगळी मंडळीही आमेन म्हणाली. मी अजून प्रस्तावनेतच होतो. तेव्हापासून त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही. आई तिथेच असते.

९ जानेवारी
सहनशीलता छान रुजतेय. लॉण्ड्रीत एका गिऱ्हाइकाने कॉलरवरचा डाग दाखवून आवाज चढवला. शांतपणे ऐकून घेतलं. नंतर त्याचे बाकीचे शर्ट गठ्ठ्याच्या तळाशी ढकलले. रागाने नव्हे. त्यालाही सहनशीलता शिकता यावी म्हणून.

१७ जानेवारी
वहिनी काउंटरवर आली. म्हणाली, "भावजी, आईंना माणसं ओळखू येईनाशी झालीत. तुमचं नाव मात्र अजून घेतात. डॉक्टर म्हणतात, हेही फार टिकणार नाही. आजच चला."
मी म्हटलं, मनात किल्मिष ठेवून आईपुढे उभं राहणं म्हणजे ढोंग. आधी मन स्वच्छ होऊ दे.
"मग काय, ड्रायक्लीनिंगला टाकलंय का ते?"
उत्तर सुचलं होतं. दिलं नाही.

१८ जानेवारी
उत्तर अजून आठवतंय. फार चांगलं होतं.

२५ जानेवारी, रविवार
नम्रता सुरू. उपासनेला मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या रविवारी आधी पुढे बसावं आणि मग उठून मागे जावं.
पाळकसाहेबांना सांगितलं की दादाला क्षमा करायचं नक्की आहे, फक्त त्याने ती मागायची बाकी आहे. ते म्हणाले, "अरे, आपण गुन्हेगार आहोत हे त्याला ठाऊक तरी आहे का? आईकडे जा आधी. सद्गुण येतील मागून चालत."
भला माणूस. पण पाया न घालता कळस चढवायची घाई.

११ फेब्रुवारी
दादाचा फोन. उचलला नाही. राग पुरता निवलेला नसताना बोलू नये. मग मेसेज आला: 'आई विचारत होती, धाकटा जेवला का. ये रे.'
माफीचा एक शब्द नाही. पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली.

१९ फेब्रुवारी
आज निघणारच होतो. वाटेत लक्षात आलं, आपण नम्र झालो आहोत याचा अभिमान वाटतोय. परत फिरलो. नम्रता पहिल्यापासून.

१ मार्च, रविवार
अखेर क्षमा पिकली. आईसाठी चादरी स्वतः धुऊन, कडक इस्त्री करून नेल्या. दादा तिला कुशीवर वळवत होता. मी दारातूनच म्हणालो, "दादा, त्या आमेनबद्दल मी तुला क्षमा केली."
तो म्हणाला, "कसलं आमेन? आधी तिला पायांकडून धर."
धरलं. वजन असं लागलंच नाही.
आईने डोळे उघडले. चादरींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"लॉण्ड्रीवाले ना? ठेवा तिथे. आणि जरा बाजूला व्हा हो. माझा धाकटा यायचाय, दार दिसायला हवं."
दादाने तोंड उघडलं. मी मान हलवून त्याला थांबवलं.
चादरी खुर्चीवर ठेवल्या. बाजूला झालो. ती दाराकडे बघत राहिली. मग मीही.