पायऱ्या कुणी धुतल्या?

टूसॉन,
३ सप्टेंबर १९७४

ती. लुडविकाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तीन पानांत गुडघ्याबद्दल एक ओळ नाही, तेव्हाच ओळखलं की दुखणं वाढलंय. रेमंडने मावशीसाठी म्हणून मागची खोली रंगवून घेतली आहे. सून म्हणते, मावशींना इथलं ऊन मानवेल. आता हट्ट पुरे. दर शनिवारी बादली आणि खरबरीत दगड घेऊन दारापुढच्या त्या तीन संगमरवरी पायऱ्यांपुढे गुडघे टेकायचं हे वय आहे का? बाहत्तर पूर्ण झाली तुला!

मलाही सगळं आठवतं गं. आईने पायऱ्या धुतल्या की त्या वाळेपर्यंत बाबांनासुद्धा मागच्या बोळातून यावं लागायचं. हातात खेकड्यांची पिशवी घेऊन निमूट यायचे बिचारे. शनिवारी सकाळी सगळी गल्ली ओणवी! पण आता ते दिवस सरले. ऑक्टोबरात तुला न्यायला येते. नाही म्हणू नकोस.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी,
इरेना

बाल्टिमोर,
१५ सप्टेंबर १९७४

चि. इरेनास,
अनेक आशीर्वाद.

आधी कबूल कर की रागावणार नाहीस. मंगळवारी स्वयंपाकघरात गुडघा मुडपला आणि पडले. चार दिवस इस्पितळात होते. हाड शाबूत आहे. तुला मुद्दाम कळवलं नाही, नाहीतर मिळेल त्या विमानात बसली असतीस.

खरी गंमत पुढेच आहे. काल शनिवारी टॅक्सीतून उतरले, तर माझ्या पायऱ्या दुधासारख्या पांढऱ्या! आपल्या गल्लीत दुसऱ्याच्या पायऱ्यांना हात कधी लावतात, हे तुला ठाऊक आहे. आई गेली त्या सकाळी पाच बायकांनी एक शब्द न बोलता आपल्या पायऱ्या घासल्या होत्या. म्हणजे गल्लीने मला पोचवलं की काय! काठी आपटत शेजारी चौकशी केली. धुणारी कोण, तर वांडा. होय, समोरचीच वांडा. लुडविकाच्या खालच्या पायरीवर पिवळा डाग आहे, तिला घासायला नको, असं चर्चच्या दारात दहाजणींपुढे बोलली होती. तेव्हापासून अकरा वर्षं आमचा अबोला.

तशीच रस्ता ओलांडून गेले आणि विचारलं, मी मेले असं तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कुणी नाही, तू जिवंत आहेस ना, हे इस्पितळात फोन करून विचारलं होतं. मग धुतल्यास कशाला, म्हटलं. तर म्हणते, तू गेल्यावर धुतल्या असत्या तर तुला कुठे दिसल्या असत्या?

मला रडू आवरेना. तीही रडली. मग नाक पुसत म्हणाली, तो डाग तासभर घासला, निघत नाही मेला, दगडातच आहे. अकरा वर्षांनी का होईना, कबूल केलं!

तेव्हा न्यायला येऊ नकोस. मी इथेच बरी आहे.

सर्वांना आशीर्वाद, तुला जरा जास्त.
तुझी ताई

टूसॉन,
२२ सप्टेंबर १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता खरं सांगते. ती खोली तुझ्या गुडघ्यासाठी नव्हती, माझ्या सोबतीसाठी होती. रेमंड आणि सून सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. इथे येऊन सहा वर्षं झाली, अजून शेजारणीचं नाव मला माहीत नाही. इथल्या घरांना पायऱ्याच नाहीत, ताई. दार उघडलं की वाळू. मी गेले तर कुणी काय धुवायचं?

असो. तू तिथेच राहा. पुन्हा हट्ट करणार नाही.

आठवण काढत राहा.
इरेना

बाल्टिमोर,
२९ सप्टेंबर १९७४

चि. इरेनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वांडाला वाचून दाखवलं. रागावलीस तरी चालेल. ती म्हणाली, साठी उलटली तरी या पोरीला अक्कल आली नाही, मुकाट्याने घरी ये म्हणावं. वरची रस्त्याकडची तुझी खोली झाडून घेतली आहे. पडदे वांडाने शिवले, थोडे आखूड झालेत, पण तिच्यापुढे बोलू नकोस.

काल तिने माझ्या वरच्या दोन पायऱ्या धुतल्या. मी खुर्चीत बसून चुका काढल्या. खालच्या डागाच्या पायरीला मात्र तिने हात लावला नाही. म्हणाली, ती आता इरेनाची, तिची ती येऊन धुवेल.

लवकर ये गं. पायरी फार मळकी दिसते आहे.

वाट पाहणारी,
ताई