होडी डावीकडे कलली की

प्रिय दादा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. आता निमूटपणे वाच. तुझं म्हणणं माझ्या पक्कं लक्षात आहे. बाबांच्या शिडाच्या होडीवर पाण्याची खोली दाखवणारा तो छोटा स्क्रीन आहे ना, तो मधेच बंद पडतो हा बाबांचा भ्रम आहे. महिनाअखेरपर्यंत मी बिघाड शोधून दाखवला नाही, तर होडी विकायची आणि बाबांना तुझ्याकडे न्यायचं. तुझ्या त्या उंच इमारतीत ते दिवसभर काय करणार रे, लिफ्टने वरखाली?

तुझंही चुकलं असं म्हणत नाही. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. धक्क्याला बांधलेल्या होडीत बसला, बटण दाबलं, आकडा आला, चहा प्यायला आणि गेला. तुझ्यासमोरही तेच. स्क्रीन व्यवस्थित चालू, आणि बाबा मात्र हुज्जत घालताहेत की काल बंद पडला होता. त्यात त्यांनी तुला काकाच्या नावाने हाक मारली, झालं, तुझा निकाल लागला. अरे, नावं मीसुद्धा चुकवते. खोली कळली नाही तर होडी खडकावर आपटेल ही तुझी भीती मलाही वाटते. पण माणूस सांगतोय तर आधी वायर तपासावी की माणूस?

तुला माझी नोकरी चेष्टेची वाटते, पण नाट्यगृहात माइकच्या वायरींशी झटापट करून मला एक कळलंय. वायर ही चीज मेली भारी लबाड असते. तालमीत मुकाट चालते आणि पडदा वर गेला की खरखरायला लागते. म्हणून मी बाबांचं डोकं खायला सुरुवात केली. कधी बंद पडतो? इंजिन चालू असताना? पाऊस होऊन गेल्यावर? रेडिओ लावला की? बाबांचं आपलं एकच, कधी पण. बॅटरीची टोकं घासली, फ्यूज बदलला, एकेक स्क्रू आवळला. काही म्हणजे काही नाही. वायरमधली वीज मोजायचा मीटर लावावा तर आपला छान बोलतोय. मला तर झोप लागेना. काळजीने नाही, कुतूहलाने!

मग एकदा भाजी चिरताना लक्षात आलं की बाबांची तक्रार नेहमी परत येतानाची असते. जाताना कध्धी नाही. आणि परत येताना वारा उजवीकडून येतो, म्हणजे होडी डावीकडे कलते! सुरी टाकून मी अक्षरशः नाचले. दुसऱ्या दिवशी बाबांना होडी बाहेर काढायला लावली आणि स्वतः टॉर्च तोंडात धरून बाकाखालच्या कप्प्यात शिरले. बाबा वरून सुकाणू धरून ओरडताहेत, आत बसू नकोस, ओकशील. ओकलेच. पण बाहेर आले नाही. परतीला होडी डावीकडे कलली, बाबांची हत्यारांची जड पेटी घसरत आली आणि धाडकन स्क्रीनच्या वायरवर जाऊन टेकली. वरून बाबा ओरडले, गेला! मी खालून ओरडले, गेला! मीटरवर भोपळा. भोपळा बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता कारण ऐक, हे फक्त आपल्या बाबांनाच जमू शकतं. सारा जन्म टेलिफोनच्या खांबांवर तारा ओढण्यात गेला, त्यांना सैल वायर डोळ्यासमोर खपत नाही. ती वायर त्यांनीच बदलली होती, आणि अशी ताणून बसवली होती की बोट लावलं तर वाजावी. तिच्यावर पेटी आदळून आदळून आतली तांब्याची तार तुटली, वरचं प्लास्टिक मात्र धड. होडी सरळ असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात आणि सगळं आलबेल. मी तो तुकडा कापून बाबांच्या हातावर ठेवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि लहान मुलासारखे हसले. धक्क्यावरच्या चौकीदारापासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून आले. मग नवी वायर घातली, चांगली ऐसपैस सैल. बाबा कुरकुरले, मी दाद दिली नाही. पेटी सरळ घरी आणून माळ्यावर टाकली.

खरं तर त्याच संध्याकाळी तुला फोन करून नाक वर करून बोलणार होते. बरं झालं नाही केला. आज सकाळी आम्ही पुन्हा बाहेर पडलो. परतीला होडी डावीकडे कलली, स्क्रीनवर आकडा लख्ख दिसत होता, मी समोरच बसले होते. बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, बघ, गेला परत. मला वाटलं, गंमत करताहेत. आकडा वाचा म्हटलं. त्यांनी नेमकं आकड्यावरच बोट ठेवलं आणि म्हणाले, काही नाहीच इथे, वाचू काय? दादा, मी कप्प्यात शिरून ती नवीकोरी वायर किती वेळ हलवत बसले म्हणून सांगू. तिचाच दोष निघावा म्हणून. नाही निघाला. वायर खरंच तुटली होती, आणि तू म्हणत होतास तेही खरं होतं. होडीचं काय करायचं ते मागाहून बघू, भांडूही मागाहून. आधी तू ये. त्यांना डॉक्टरकडे न्यायचा मला एकटीला धीर होत नाही. आत्ता बाबा पलीकडच्या खोलीतून तिसऱ्यांदा विचारताहेत, दादाला कळवलंस ना, वायर सापडली म्हणून?

वाट बघते आहे.

तुझीच,
खुडबुडी