राइनाच्या जबाबाची नक्कल

गुरुवार, २४ ऑक्टोबर २०१९

वडीलधाऱ्या झ्लात्काताईंना मेतोदीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर जितकं वाकू देते तितकं.)

तुमचे गुडघे कसे आहेत? व्हॅलेन्सियाची हवा गुडघ्यांना मानवते असं राइना नेहमी सांगायची, आणि डॅन्यूबच्या काठावर राहणाऱ्या माणसाला ते ऐकून जेवढा हेवा वाटायला हवा तेवढा मला वाटायचा. चिरंजीव, सूनबाई आणि ज्यांची नावं मला स्पॅनिशमध्ये लिहिता येत नाहीत ती नातवंडं, सगळी खुशाल असावीत. मी बरा आहे. यंदा मिरच्या एकट्याने भाजल्या आणि चटणी केली. पस्तीस वर्षं बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस चटणी कशी करील तशीच ती झाली. शेजारच्या पेन्काबाईंनी चमचाभर चाखली आणि हिचा उपयोग तळाला भोक पडलेल्या होडीला होईल असं सांगून बरणी परत केली. राइनाला जाऊन सहा महिने झाले तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या फोटोचा कागद दारावर लावला होता, तो पावसाने भिजला. मी नवा छापून आणून लावला. आता ती पुन्हा नीट दिसते.

आता जे झालं ते सांगतो. मार्चमध्ये तिच्या चाळिसाव्या दिवशी, साखर घातलेले उकडलेले गहू वाटून झाले होते, सगळी आळी टेबलाभोवती बसली होती, आणि तुम्ही म्हणालात, ‘मेतोदी, एक्केचाळीस वर्षं माझी बहीण बोलत होती आणि तू तिचं एक वाक्य ऐकलं नाहीस.’ मी त्यावर तासभर बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, पण त्यात तुमच्या यजमानांचा, देव त्यांना शांती देवो, आणि १९८३ सालच्या एका गळक्या नळाचाही उल्लेख आला होता असं पेन्काबाई सांगतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही विमानाने गेलात. त्यानंतर साडेसात महिने आपण दोघं गप्प आहोत.

तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी एक वही आणली. राइनाची वाक्यं आठवून लिहायची, वही भरली की पोस्टाने तुम्हाला पाठवायची, असा बेत होता. पहिल्या आठवड्यात चार वाक्यं झाली. ‘दार लाव.’ ‘पाय पूस.’ ‘टोपी कुठे टाकलीस?’ चौथं वाक्य जरा लांबलचक आणि सुंदर होतं, पण ते तिचं नसून रेडिओवरच्या हवामानवाल्या बाईचं होतं हे मागाहून लक्षात आलं. सगळं घर धुंडाळलं. तिचं लिहिलेलं काही सापडेना. एकाच घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? बाजाराच्या याद्या मिळाल्या, पण ‘कांदे, साबण, दिव्याची वात’ यातून माणसाचा आवाज येत नाही. (मी मोठ्याने वाचून पाहिलं.)

मग हवालदार गाव्रिलने मला वाट दाखवली. तो निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आम्ही रोज बंदरावरच्या कॅफेत फासे खेळतो आणि तो रोज लबाडी करतो. मी वहीचं सांगितलं तर म्हणाला, “मिस्त्री, तू नदीत हरवला होतास ना, तेव्हा ती ठाण्यात आली होती. दीड तास बोलली. एका कागदात मावेना, मला दुसरा घ्यावा लागला. एवढा लांब जबाब मी खुनाच्या केसमध्येसुद्धा लिहिलेला नाही.”

माझं हरवणं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. एक दुरुस्त केलेलं इंजिन होडीला लावून पाहायला म्हणून मी सकाळी निघालो, मध्यावर इंजिन बंद पडलं, धुकं उतरलं आणि नदीने मला पलीकडच्या काठाला, रुमानियात, नेऊन घातलं. खिशात पान्याशिवाय काही नव्हतं. तिथल्या सीमेवरच्या शिपायांनी मला ठेवून घेतलं. त्यांचा साहेब रजेवर होता, आणि मी वेळ जात नाही म्हणून त्यांचा बिघडलेला जनरेटर दुरुस्त केला, त्यामुळे मला सोडायची त्यांनाही घाई राहिली नाही. मक्याचा सांजा खाऊन नवव्या दिवशी घरी आलो. राइनाने पोलिसांत वर्दी दिली होती हे मला ठाऊक होतं. तिथे ती दीड तास बोलली हे वीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर आता पोलिसांकडून जुना कागद कसा मागवतात ते ऐका, तुम्हालाही कधी उपयोगी पडेल. पहिली गोष्ट म्हणजे मी गेलो तसं चुकीच्या खिडकीवर जाऊ नये. मला वाटलं, पोलिसांतला जुना कागद म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींचा कागद, आणि तो आपल्याकडे कोर्टात मिळतो. तिथल्या मुलीने माझं ओळखपत्र घेतलं, आईबापांची नावं विचारली, यंत्राची कळ दाबली आणि शिक्का मारून कागद हातात दिला. त्यावर लिहिलं होतं की मेतोदी याला आजवर कोणतीही शिक्षा झालेली नाही. ताई, मला जरा लागलंच ते. परवानगीशिवाय सरहद्द ओलांडल्याबद्दल कुठेतरी माझ्या नावावर काहीतरी लागलं असणार, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. रात्री टीव्हीवर पोलिसांची गाडी दिसली की मी खुर्चीत सावरून बसायचो. आणि इथे माझी पाटी कोरी. गाव्रिलने तो कागद कॅफेत सगळ्यांना वाचून दाखवला आणि सत्तर वर्षांत मेतोदीच्या हातून काहीही घडलं नाही याचा सरकारी पुरावा मिळाला म्हणून माझ्याच खर्चाने सगळ्यांना रकियाचे पेले मागवले.

ठाण्यातला जबाब मात्र ज्या ठाण्यात दिला तिथेच मागावा लागतो. तिथे आता इस्क्रा नावाची एक ऑफिसर बसते, वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिने शांतपणे समजावलं: ठाणे प्रमुखांच्या नावाने अर्ज लिहा, त्यात घटना काय, तारीख कोणती, जबाब कुणाचा, तुमचा संबंध काय आणि नक्कल कशाला हवी हे सांगा. जबाब देणारी व्यक्ती हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचा दाखला जोडा. मी म्हटलं, पोरी, हरवलेला इसम मीच आहे. ती म्हणाली, “मग काका, तुमचा संबंध दोन्हीकडून लागतो. पण दाखले आणावेच लागतील.”

नगरपालिकेत वारसांचा दाखला काढला. आम्हाला मूल नाही, तुमचे आईवडील नाहीत, त्यामुळे त्यावर दोनच नावं आली. एक माझं आणि एक तुमचं. त्या छोट्याशा कागदावर आपण दोघं एकाखाली एक उभे आहोत. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो होतो, शेवटी कारकुनाने विचारलं की काही चुकलंय का. मी नाही म्हटलं.

अर्जात ‘कारण’ असा रकाना असतो. मी दोन पानं लिहिली. इस्क्रा म्हणाली, दोन ओळी बस झाल्या. मी खोडून ‘वाचण्यासाठी’ एवढंच लिहिलं.

“काका, वाचायलाच मागतात सगळे. वाचून पुढे काय करणार?”

“पुन्हा वाचणार.”

तिने माझ्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘व्यक्तिगत’.

चौदा दिवसांनी उत्तर आलं: सदर तारखांना अशी कोणतीही वर्दी नोंदलेली नाही. मी ठाण्यात जाऊन भांडलो. इस्क्राने दप्तर उघडून दाखवलं, मी अर्जात लिहिलेल्या मार्च १९९८ मध्ये आमच्या गावात दोन सायकली आणि एक बकरी याखेरीज काहीही हरवलं नव्हतं. हे मी गाव्रिलला सांगितलं तर त्याने हातातले फासे खाली ठेवले. “मार्च? अरे, नोव्हेंबर होता तो. नव्याण्णव साल. आठ तारीख, माझ्या नावाच्या संताचा दिवस, माझा नामदिवस. घरी कार्प मासा भाजून ठेवलेला, पाहुणे बसलेले, आणि मी तिथे तुझ्या कोटाचं वर्णन लिहून घेतोय. मासा गार झाला माझा.” बघा, ताई. माणूस हरवतो आणि आपण कधी हरवलो होतो हेही त्याला धड सांगता येत नाही. हे मी तुमच्याजवळ कबूल करतो, कारण चाळिसाव्या दिवशी तुम्ही जे म्हणालात त्याला हे पुरावा म्हणून चालेल. दुसरा अर्ज केला, योग्य तारखेचा, आणि गेल्या सोमवारी इस्क्राने मला बोलावून लिफाफा दिला.

दोन पानं आहेत. शेजाऱ्यांची नावं काळ्या शाईने झाकली आहेत, कायदाच तसा आहे म्हणे. (पेन्काबाईंबद्दल काय म्हटलंय ते त्यामुळे कळत नाही, आणि त्या रोज विचारतात.) अक्षर गाव्रिलचं, भाषा ठाण्याची, पण झाकण ठेवलेल्या भांड्यातून वाफ यावी तशी आतून राइना बाहेर येते. तक्रारदार सांगते की पती मध्यम उंचीचा आहे, परंतु हे खात्रीने सांगता येत नाही, कारण घरात तो वाकून बसतो आणि बंदरावर ताठ चालतो. अंगात तपकिरी कोट. कोटाचं तिसरं बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं आहे, काळा दोरा संपला होता, पतीच्या हे लक्षात आलेलं नाही. (खरं आहे. नव्हतं आलं.) घरात भांडण झालं होतं का, असं विचारता तक्रारदार म्हणते, नाही, भांडायला समोरच्याला ऐकू यावं लागतं. परस्त्रीचा संशय आहे का, असं विचारता तक्रारदार बराच वेळ हसली. गाव्रिलने तेही लिहून घेतलं, ‘बराच वेळ’. शोधणाऱ्यांना तिची सूचना आहे: इंजिनांमुळे पतीचा डावा कान गेलेला आहे, तरी सापडल्यास उजव्या बाजूने बोलावं, नाहीतर तो नुसती मान हलवील आणि चालू लागेल. ती स्वतः बावीस वर्षं त्याच्या उजवीकडेच बसते.

ठाण्याच्या बाकावर बसून मी हे वाचलं. मी सगळीकडे तिच्या डाव्या बाजूला बसायचो, चर्चमध्ये, बसमध्ये, तुमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. मला ती सवय वाटायची. त्यात कुणी काही योजलेलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

शेवटी विचारलंय की पतीला शेवटचं कधी पाहिलं. तक्रारदार सांगते की शनिवारी सकाळी तो दारात उभा राहून काहीतरी म्हणाला. चुलीवर मिरच्या तडतडत होत्या, त्यामुळे तिला ऐकू आलं नाही. तिने ‘बरं’ म्हटलं आणि तो गेला. ‘तो काय म्हणाला होता, एवढं विचारायचं राहिलं आहे,’ असं तक्रारदार सांगते.

मी आल्यावर तिने विचारलं असेल का, ते मला आठवत नाही. ती रागावली की मुद्दाम डावीकडे येऊन बोलायची, हे मला ठाऊक होतं. ओठ हलताना दिसायचे, बोलून झालं की तिचा चेहरा मोकळा व्हायचा आणि ती स्वयंपाकाला लागायची. मीही विचारत नसे. माझी समजूत अशी की त्यात आमचं दोघांचंही बरं चाललं आहे. इस्क्राने पाणी आणून दिलं आणि हरवलेला इसम बरा आहे ना, असं विचारलं. मी मान हलवली.

सोबत जबाबाची नक्कल तुमच्यासाठी वेगळी काढून पाठवतो आहे. वारसांच्या दाखल्याप्रमाणे निम्मी तुमची आहे. मुलांना माझे आशीर्वाद, सूनबाईंना नमस्कार, आणि गुडघ्यांना जपा.

तुमचा,
मेतोदी

ता. क. कोर्टाचा तो कोरा दाखलाही जोडला आहे. चिरंजीवांना दाखवा. माझ्याबद्दल त्यांचं मत काय आहे ते मला माहीत आहे, पण सरकारचं वेगळं आहे.

ता. क. २. वर लिहिलेलं सगळं खरं असलं तरी मी पत्र लिहायला बसलो ते याकरता नाही. तुम्ही १९९४ साली तिकडे गेलात. तेव्हापासून राइना दर महिन्याला तुम्हाला पत्र लिहायची, मीच ती पोस्टात टाकायचो आणि एकही कधी उघडून पाहिलं नाही. डावीकडून बोललेलं सगळं त्यात असणार. वारसा निम्मा-निम्मा म्हटला तर त्यात माझाही वाटा निघतो. सगळी नकोत. नकला चालतील. अर्जात तारीख नेमकी लागते हे आता शिकलो आहे, म्हणून सांगतो: नोव्हेंबर १९९९ च्या दुसऱ्या पंधरवड्यातलं एक तरी पाठवा. कारण जबाबाच्या तळाशी गाव्रिलने लिहिलंय, ‘पती स्वतःहून परत आला, तक्रारदाराची आता काही तक्रार नाही’, आणि खाली तिची सही आहे. बाकी सगळं पटलं, एवढं एकच वाक्य पटत नाही.

ता. क. ३. मी जिथे गाढव आहे तिथे काळी शाई फिरवू नका.

ता. क. ४. भांडणामुळे मी फोन करत नाही असं समजू नका. चाळिसाव्या दिवशी तुम्ही बरोबर होतात, ते माझं केव्हाच मान्य करून झालंय. मार्चमध्ये तुम्ही सुखरूप पोचलात का ते विचारायला मी फोन लावला होता. तुम्ही उचललात आणि ‘हॅलो’ म्हणालात. तो आवाज अगदी तिचा होता. मी उजव्या कानाशी धरून दोनदा ऐकला आणि ठेवून दिला. तेव्हा कुणी काही बोलत नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, तर तो मी होतो.