पलंगाखालचा फ्लेक्स

प्रिय इक्बालभाई,

गेले तीन दिवस तुम्ही माझ्या पलंगाखाली आहात. हसू नका! वीस फुटी फ्लेक्सची गुंडाळी आहे आणि तिच्यात तुमचा चेहरा. फेकवत नाही, कारण तुम्ही आहात. जाळवत नाही, कारण त्या धुरावरून तुम्हीच मला चार शब्द सुनावले असते. खोलीभर रबरी वास सुटलाय, घशाखाली घास उतरत नाही. म्हणून हे पत्र. कुणाशी तरी भांडायला हवंय, आणि मला तुमच्याशीच भांडायची सवय आहे.

होय, फ्लेक्स. तुमचा! ज्या माणसाने जन्मभर कसब्यातल्या दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या, ज्याचा धंदा या फ्लेक्सने बुडवला, त्याला श्रद्धांजली कशावर, तर फ्लेक्सवर. शी! लिहितानासुद्धा किळस येते.

आपला नदीकाठचा मेळा कसा सुरू झाला, आठवतं? मी शाळेच्या मुलांना नदीकाठी चित्रं काढायला नेलं होतं. मुलं एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने झाडं काढत होती. आणि तुम्ही पायरीवर बसून खुशाल रंगाचे ब्रश पाण्यात धूत होतात! मी ओरडले, "अहो पेंटर, नदी म्हणजे काय तुमची मोरी आहे?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाई, मोरी बरी. ती रोज कुणीतरी घासतं." मला असा राग आला होता! पण दुसऱ्या दिवशी तुम्हीच शाळेच्या दारात उभे. "काठ साफ करू या म्हणतो. मुलं तुमची, रंग माझे."

देणगी घ्यायची नाही, हे तुमचंच. "पैसा आला की मागोमाग पैसेवाला येतो, आणि मग त्याला खुर्ची द्यावी लागते." म्हणून एका घराने एक वस्तू. कुणाची चटई, कुणाचा पाण्याचा हंडा, मांडवाला जुन्या साड्या. बुरूड आळीतून टोपल्या, तांबट आळीतून घंगाळं. दोन दिवस चित्रं, गाणी, काठाची सफाई, आणि रविवारी संध्याकाळी ज्याची वस्तू त्याच्या घरी. येताना हातात, जाताना हातात, असं तुम्ही माइकशिवाय ओरडायचात. चटई विसरून जाणाऱ्याच्या घरी जाऊन त्याची शोभा करून यायचात.

आणि तो आपला एकुलता एक फलक! मांजरपाटावर गेरूने रंगवलेला. दर वर्षी तोच. बदलायचं ते फक्त साल, आणि त्यासाठी तुमच्या घरी नसीमभाभी कापडाचं ठिगळ शिवून द्यायच्या. ठिगळावर ठिगळ बसून ती जागा गोधडीसारखी जाड झाली होती. मी चित्रकलेची शिक्षिका असून तुम्ही मला एक आकडा काढू दिला नाहीत. "बाई, तुमचा पाच लंगडतो." याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

राग आणखीही एका गोष्टीचा आहे. मे महिन्यात तुम्ही गेलात, आणि दारोदार फिरायचं माझ्या गळ्यात टाकून गेलात. एक माणूस तयार केलं नाहीत हाताखाली! गुडघे धरत मी जिने चढत होते. "बाई, आता फ्लॅटमध्ये चटया कुठल्या?" "बाई, साड्या तर बोहारणीला दिल्या." एकीने तर दार न उघडता जाळीतूनच "आम्हाला काही घ्यायचं नाही" सांगितलं. अहो, मी विकायला नव्हते आले, मागायला आले होते! तुम्ही असता तर त्या जाळीशी उभं राहून असं काही बोलला असतात की आतून चटईच नाही, चहापण आला असता. मला नाही ते जमत. दमले मी.

आता जे सांगायचं ते सांगते. आणखी लांबवत नाही.

डिसेंबरात मी भाचीकडे धायरीला गेले होते. तिच्या गॅलरीतून ओढा दिसतो. दिसायचा. भर दुपारी एक डंपर आला आणि राडारोडा सरळ ओढ्यात ओतून गेला. विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, सगळं. मागून दुसरा. शेजारी चाललेल्या इमारतीचाच माल, आणि पत्र्याच्या कुंपणावर बिल्डरचं नाव एवढं मोठं. तो ओढा पुढे कुठे जातो, हे मी मुलांना फळ्यावर नकाशा काढून शिकवलंय. आपल्या नदीत.

आठवड्याने आपल्या समितीची सभा झाली. अध्यक्ष आता दामले. बँकेतून निवृत्त, माणूस वाईट नाही, पण खर्च कुणी उचलला की ओझं हलकं झालं असं मानणारा. म्हणाले, "आनंदाची बातमी. मांडव, स्टेज, साउंड, चहा, सगळं एकच प्रायोजक करणार." आणि नाव वाचलं. तेच, पत्र्यावरचं.

तुमचा नियम तुम्हाला आठवत असेलच. हात वर करायला कुणाच्या बापाचं काय जातं, म्हणून आपल्या सभेत ज्याचा विरोध त्याने उभं राहायचं, कारण सांगायचं, मगच बसायचं. बसून राहिला त्याची संमती.

दामलेंनी विचारलं, "कुणाचा विरोध?"

मी बसून राहिले, इक्बालभाई.

गुडघे दुखत होते, हे खरं. दुसरं कुणी उठेल असं वाटलं, हेही खरं. पण सगळ्यांत खरं हे, की आता चटया मागत फिरायला नको, या विचाराने मला हायसं वाटलं. आणि इतिवृत्त कोण लिहितं? मीच! "सर्वानुमते मंजूर" हे माझ्या अक्षरात आहे वहीत. बिल्डरची किळस येते म्हणून गावभर सांगत फिरेन, पण आधी स्वतःची येते.

मेळ्याचं काय सांगू! आता तो मेळा नव्हता, 'रिव्हर फेस्ट' होता. घाटाच्या पायऱ्यांवर प्लास्टिकचं गवत. थर्माकोलचं झाड, त्याच्यासमोर फोटो काढायला रांग. प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये पाणी, आणि बाटलीवर 'नदी वाचवा'! स्टेजच्या मागे तुम्ही, वीस फुटी. डावीकडे तुमचा चेहरा, उजवीकडे हात जोडलेले बिल्डरसाहेब, तुमच्याहून दीडपट. खाली कॉम्प्युटरच्या कुठल्याशा गुळगुळीत अक्षरात तुमचं नाव, आणि त्याखाली 'नदीच्या कुशीत स्वप्नातलं घर, बुकिंग सुरू'. मी बिल्डरच्या ऑफिसातल्या एका मुलीला विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "मॅम, सरांना ट्रिब्यूट आहे ना, इट्स सो इमोशनल." बिचारी खरंच डोळे पुसत होती. तिला काय बोलणार?

नसीमभाभींना पहिल्या रांगेत बसवलं होतं, शाल-श्रीफळ मांडीवर देऊन. त्या एकटक फ्लेक्सकडे पाहत होत्या. तो फोटो तुमच्या सलमाच्या लग्नातला. शेजारच्या भाभींना कापून काढलं होतं.

मग निवेदक म्हणाला, "कैलासवासी इक्बाल पेंटर यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं." कैलासवासी! एरवी मी खो खो हसले असते. सगळे उभे राहिले. समितीचे अकराच्या अकरा जण, बिल्डर, दामले घड्याळ बघत. सभेत एकालाही उठता आलं नाही, आणि इथे सगळ्यांचे पाय शाबूत!

दोन मिनिटं झाली. "धन्यवाद, बसून घ्या." सगळे बसले.

मी बसले नाही.

दामले स्टेजवरून हळूच म्हणाले, "बाई, झालं. बसा."

"नाही झालं. नियम आहे, कारण सांगून बसायचं." शाळेत पासष्ट पोरं सांभाळलेला गळा आहे, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. धायरीचा ओढा सांगितला. डंपर सांगितले. आणि मी सभेत गप्प बसले, तेही सांगितलं.

टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. साउंडवाल्याने गाणं लावलं, एवढंच. लोक मोबाइल काढून दुसरीकडे बघायला लागले. पुण्यात तेवढं पुरतं. मी इकडेतिकडे पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का. पहिल्या रांगेत नसीमभाभी उभ्या होत्या. त्या दोन मिनिटांनंतर बसल्याच नव्हत्या.

नारळ खुर्चीवर ठेवून त्या स्टेजवर गेल्या, मागोमाग मी. मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही ती बाजू सोडा, मी ही सोडते." गाणं चालू असतानाच आम्ही दोघींनी फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. अडवणार कोण? तुमच्या बायकोला? फ्लेक्सवरचे बिल्डरसाहेब खाली येईपर्यंत हात जोडूनच उभे होते.

तर वचन ऐका. उद्या सकाळी मी आणि भाभी रिक्षा करून धायरीला जाणार. बिल्डरच्या ऑफिसात त्याच्याच टेबलावर ही गुंडाळी ठेवणार. येताना हातात, जाताना हातात; ज्याची वस्तू त्याच्या घरी. तुमचा चेहरा तेवढा कापून घेऊ का, असं मी विचारलं. भाभी म्हणाल्या, "नको. ते असे गुळगुळीत कधी दिसत होते?"

पुढच्या वर्षी मेळा होईल. दोनच चटया मिळाल्या तर दोन चटयांवर होईल. भाभींनी ठिगळ आत्ताच शिवलंय. सालाचा आकडा मी काढणार, आणि तो लंगडला तर लंगडू दे!

आज वही काढून 'सर्वानुमते'वर काट मारली. खाली लिहिलंय, 'विरोध : दोन. उभ्या राहून.' भाभी आपल्या समितीत नाहीत, हे दामले नियमावर बोट ठेवून सांगतीलच. सांगू देत. पण त्यांना ते उभं राहून सांगावं लागेल.

तुमच्याशी अजून भांडत असलेली,
शालिनीबाई